जागा, पालकत्व आणि पैसा: गंभीर दिव्यांग प्रौढाची निवासी व्यवस्था कशी लावावी

मुलाला किंवा बहिणीला निवासी संस्थेत ठेवायचा विचार घरात सुरू झाला की सगळे एकाच शोधाला लागतात: चांगली संस्था कुठे आहे? प्रत्यक्षात ठरवायच्या गोष्टी तीन असतात. ती व्यक्ती राहणार कुठे, तिच्या वतीने सह्या कोण करणार आणि तिचा पैसा कोणाच्या ताब्यात असणार. या तिन्ही गोष्टी शक्यतो वेगवेगळ्या हातांत ठेवाव्यात. संस्थाचालकच कायदेशीर पालक आणि तोच बँकखाते चालवणारा असेल, तर काही बिनसल्यावर तक्रार करायला, हिशेब मागायला किंवा त्या व्यक्तीला तिथून बाहेर काढायला कोणी उरत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे आणि बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असलेल्या, चोवीस तास मदत लागणाऱ्या प्रौढांबद्दल आहे. मानसिक आजार आणि कोमा यांचे रस्ते वेगळे आहेत, ते जागच्या जागी सांगितले आहेत.

अठरावं वर्ष लागण्याआधी

अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. घरात काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे हे कळतं ते बँकेत. मुलाच्या नावावरची ठेव मोडायला गेलं की ‘खातेदाराची सही आणा’ असं उत्तर मिळतं, आणि मग धावाधाव सुरू होते. सतरा पूर्ण झाले की कागदांना हात घालावा.

सगळ्यात आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, 80 टक्क्यांना आयकर ‘गंभीर’ मानतो. बहुविकलांग मुलाच्या प्रमाणपत्रावर बरेचदा एकच दिव्यांगत्व लिहिलेलं असतं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे पण बौद्धिक दिव्यांगत्वाचा उल्लेख नाही. पालकत्वाच्या अर्जावेळी हीच उणीव नडते, कारण ‘हात-पाय चालत नाहीत, पण सही तर करू शकेल’ असा प्रश्न निघतो. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना आय.क्यू. किंवा सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीचा अहवाल सोबत न्या आणि दोन्ही नोंदी करून घ्या.

मग आधार. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची प्रतिमा घेता येत नसेल तर अपवाद म्हणून नोंद करण्याची सोय आहे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची नोंदणी घरी येऊनही केली जाते, त्यासाठी विनंती करावी लागते. पॅन कार्ड आणि तिच्या नावाचं बँकखातं याच वर्षात उघडून ठेवा.

पालकत्व: अर्ज कुठे, कसा

वर सांगितलेल्या चार दिव्यांगत्वांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 (नॅशनल ट्रस्ट कायदा) लागू होतो. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे तीन सदस्य. कलम 14 खाली पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. गोव्यातही हाच मार्ग आहे. कोर्टात जायची गरज नाही, वकीलही लागत नाही. दिवाणी न्यायालयातून ‘गार्डियनशिप’ मिळवून देतो म्हणणारे भेटतात. या चार दिव्यांगत्वांसाठी तो खर्च करू नका.

अर्ज नमुना ‘अ’ मध्ये करायचा. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, होणाऱ्या पालकाची ओळख आणि पत्ता, त्याची लेखी संमती, आणि आई-वडील हयात असतील तर त्यांची संमती. भावंडांच्या संमतीपत्रावर काही जिल्ह्यांत अर्ज अडतो, म्हणून ती आधीच घेऊन ठेवा. परगावी असलेल्या भावाकडून नोटरी केलेलं पत्र पुरतं का, हे समितीच्या कार्यालयात विचारून मगच पाठवायला सांगा. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेली संस्था अर्जाला मदत करते, आणि ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी स्वतः अर्जही करते.

समितीला दोन गोष्टी बघायच्या असतात: पालकाची गरज खरंच आहे का, आणि कोणत्या कारणांसाठी आहे. त्यामुळे अर्जात ‘सर्व बाबींसाठी’ असं मोघम लिहू नका. वैद्यकीय उपचारांना संमती, बँक आणि निवृत्तिवेतन, वारसाहक्काची मालमत्ता, निवासाची निवड असं मुद्द्यांनी लिहा. नंतर बँकेचा अधिकारी तो आदेश वाचतो तेव्हा एकेक शब्द कामाला येतो. या समितीने दिलेलं पालकत्व बँकांनी ग्राह्य धरावं, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत अडलं तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार द्या.

नेमताना अडचणी येतात त्या ठरलेल्या आहेत. पालक भारतीय नागरिक असावा लागतो, म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला भाऊ पालक होऊ शकत नाही, त्याचा जीव कितीही तुटत असला तरी. पुढे सांगितलेल्या खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) त्याला घेता येईल का, हे वकिलाला विचारा. मुलीसाठी एकटा पुरुष पालक म्हणून मान्य होत नाही. पुरुष असेल तर त्याच्या पत्नीला सहपालक करावं लागतं. आणि बहुतेक कुटुंबं चुकतात ती इथे: आई-वडील दोघेच पालक होतात आणि थांबतात. दोघंही सत्तरीत असताना तिसरं, तरुण नाव सहपालक म्हणून जोडलं नाही, तर त्यांच्या पश्चात पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, आणि तोही नेमका धावपळीच्या दिवसांत.

आदेश मिळाला की जबाबदारी सुरू होते. कलम 16 प्रमाणे नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. म्हणजे 30 जूनच्या आत. हा हिशेब फार कमी लोक देतात. तुम्ही द्या आणि पोच घ्या, कारण पुढे चुलतभावाने ‘हे मुलाचे पैसे खातात’ म्हणून तक्रार केली तर तीच पोच तुमच्या बाजूने उभी राहते. उलट पालकच हेळसांड करत असेल किंवा पैसे लुबाडत असेल, तर कलम 17 खाली नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढून टाकण्याचा अर्ज करू शकतात.

मानसिक आजार असेल तर राष्ट्रीय न्यासाचा मार्ग बंद आहे. तिथे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 लागतो. त्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ साध्या कागदावर सही करून नेमता येतो. मात्र तो उपचारांपुरता असतो, मालमत्तेसाठी नाही. दीर्घकाळ कोमात असलेल्या व्यक्तीसाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. इतर दिव्यांगत्वांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या कलाने घ्यायचा असतो.

राहण्याचे पर्याय, आणि कोणाला काय झेपतं

2016 च्या कायद्याचं कलम 5 सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर विशिष्ट निवासव्यवस्था लादता येत नाही. कलम 9 सांगतं की दिव्यांग आहे म्हणून लहान मुलाला आई-वडिलांपासून तोडता येत नाही. तसं करायला सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो. तेव्हा पहिला पर्याय घरचाच असतो: मदतनीस, दिवसाचं केंद्र आणि वर्षातून थोडे दिवस तात्पुरता निवास. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या योजना अनुक्रमे तात्पुरत्या आणि आजीवन निवासासाठी आहेत. आपल्या जिल्ह्यात त्यांखाली कोणती संस्था आहे, हे न्यासाच्या संकेतस्थळावर बघून फोनवर खात्री करा, कारण यादीतलं केंद्र चालू असेलच असं नाही.

निवासी शाळा आणि वसतिगृह असलेल्या कार्यशाळा हा दुसरा प्रकार. महाराष्ट्रात अनुदानित संस्था बऱ्याच आहेत, पण त्यांना दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी असते आणि मुलांना घरी न्यावं लागतं. आई-वडील थकल्यावर याच सुट्ट्या डोंगरासारख्या वाटतात. शिवाय शाळा वयाने संपते.

अठराव्या वर्षाचा हा कडा बालगृहांतल्या मुलांसाठी सगळ्यात तीव्र आहे. बाल न्याय कायद्याखालच्या गृहातून अठरानंतर बाहेर पडावं लागतं, आणि अनाथ, गंभीर दिव्यांग मुलाला बाहेर जायला जागाच नसते. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी हीच मागणी वर्षानुवर्षं लावून धरली: अशा मुलांना अठरानंतरही तिथेच राहू द्या. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. कायद्यातला तो खड्डा मात्र बुजलेला नाही, म्हणून बालगृहातल्या मुलाचे नातेवाईक असाल तर सोळाव्या वर्षीच पुढच्या जागेचा शोध सुरू करा.

पालकांनी मिळून उभं केलेलं घर हा तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत भरवशाचा प्रकार. डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ पालक संघटनेतून उभं राहिलं. मुळशी तालुक्यात कोळवणचं ‘साधना व्हिलेज’ प्रौढांसाठी गावासारखं राहणीमान ठेवतं. अशा ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असते आणि पूर्ण अंथरुणावर असलेल्या किंवा वरचेवर झटके येणाऱ्या व्यक्तीला बऱ्याच जागी घेत नाहीत. नकार आला तर कारण स्पष्ट विचारा. ‘आम्हाला झेपणार नाही’ असं सरळ सांगणारी संस्था, होकार देऊन माणसाला खाटेला बांधणाऱ्या संस्थेपेक्षा केव्हाही बरी.

खासगी ‘केअर सेंटर’ आता शहरांच्या कडेला खूप झाली आहेत. त्यातली बरीच मुळात वृद्धांसाठी किंवा व्यसनमुक्तीसाठी असतात आणि खाट रिकामी आहे म्हणून तरुण बहुविकलांग मुलालाही घेतात. तिथल्या माणसांना खाऊ घालण्याचं, झटका हाताळण्याचं शिक्षण आहे का, हे बघितल्याशिवाय ठेवू नका. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं हा पर्याय नाही. 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलं आहे. केवळ सांभाळायला कोणी नाही म्हणून अशा माणसाला तिथे दाखल करणं चुकीचं आहे आणि त्याच्यासाठी घातकही.

संस्था बघायला जाताना

कागदांपासून सुरुवात करा, कारण ते खोटं बोलत असले तरी लवकर सापडतात. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला 2016 च्या कायद्याच्या कलम 50 आणि 51 खाली नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागी लावावं लागतं. त्यावरची मुदत, मंजूर संख्या आणि दिव्यांगत्वाचा प्रकार वाचा. मंजुरी तीसची आणि ताटं पन्नास, असं दिसलं तर तिथेच थांबा. मनोरुग्ण ठेवत असतील तर 2017 च्या कायद्याखालची नोंदणी, अठराखालची मुलं असतील तर बाल न्याय कायद्याखालची. ‘ट्रस्ट आहे’ म्हणून दाखवतात ती धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी. ती आवश्यक आहे, पण तिने निवासी संस्था चालवण्याची परवानगी मिळत नाही. ही गल्लत मुद्दामही केली जाते.

पहिली भेट वेळ ठरवून घ्या. दुसरी न सांगता, संध्याकाळी सहा ते साडेसातच्या मध्ये. त्या वेळी दिवसपाळी निघालेली असते, रात्रपाळी आलेली असते, जेवण चालू असतं आणि संस्थेचं खरं रूप दिसतं. मोठं देवघर किंवा रंगवलेल्या भिंती बघत बसू नका, जेवण भरवणारी माणसं बघा. एक माणूस किती जणांना भरवतो? तोंडात घास असतानाच दुसरा कोंबतो का? गंभीर सेरेब्रल पाल्सी असलेल्याला आडवं ठेवून पातळ वरण ओतत असतील, तर ते अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणं ही केवळ वेळेची गोष्ट आहे. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, छोट्या चमच्याने भरवलं पाहिजे आणि नंतर किमान अर्धा तास उभट बसवून ठेवलं पाहिजे.

मग संडासात जा. कडी आतून लागते का, पाणी आहे का, कमोडला धरायला दांडा आहे का. झोपायच्या खोलीत गादीचं प्लॅस्टिक उचलून बघा. खाटेच्या पायांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या दिसल्या तर त्या कशासाठी आहेत ते विचारा. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवलं पाहिजे. त्याची नोंद ठेवतात का, आणि पहाटे तीनच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते पाहा. सगळ्या रात्रींची नोंद एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली असेल तर ती ओळखू येते.

रात्री जागं कोण असतं, हा प्रश्न कधीच सोडू नका. ‘वॉचमन असतो’ हे उत्तर नाही. झटके आणि डायपर असलेल्या आठ-दहा जणांमागे रात्री किमान एक जागा माणूस हवाच, असं आमचं मत आहे. महिलांच्या कक्षात रात्री पुरुष कर्मचारी नसावा. 2011 मध्ये नवी मुंबईजवळ कळंबोलीच्या संस्थेत बौद्धिक दिव्यांग मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण उघड झालं आणि पुढे न्यायालयात ते सिद्धही झालं. संस्था आणि बाहेरचं जग यांच्यात येणं-जाणं नसलं की काय होतं, ते तिथे दिसलं. नातेवाईक कधीही येऊ शकतात, स्वयंसेवक येतात, मुलं बाहेर जातात, अशी जागा निवडा.

औषधांचं कपाट उघडायला सांगा. प्रत्येकाच्या नावाचा डबा, नावाचा कागद आणि दिल्याची सही हवी. सगळ्यांना एकाच बाटलीतून ‘शांत राहायचं औषध’ देत असतील तर दुसरी संस्था बघा.

सोबत द्यायचा कागद

प्रवेशाच्या वेळी दहा वर्षांची फाइल दिली जाते आणि ती कपाटात जाते. तिच्यासोबत एक पान द्या, लॅमिनेट केलेलं, खाटेजवळ लावायला. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत एवढंच:

- खाणं: मऊ भात-वरण कालवून, भाकरी दुधात कुस्करून. पाणी पातळ दिलं तर ठसका लागतो, चमच्याने द्यावं. शेंगदाणे, चुरमुरे नाहीत.
- औषध: नाव, कंपनीचं नाव, मिलिग्रॅम, वेळ. झटक्यांच्या औषधाची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, एकही वेळ चुकवू नये. अचानक बंद केलं तर न थांबणारे झटके येऊ शकतात.
- झटका आला तर: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे आणि थेट रुग्णालय. रुग्णालयाचं नाव इथे.
- शौच: रोज सकाळी. तिसऱ्या दिवशीही झाली नाही तर फोन करा.
- दुखतंय हे कसं कळतं: कानावर थापटते, जेवण नाकारते, रात्री हुंकारते.
- आनंद कशात: अंगणात खुर्चीवर, रेडिओ, ओल्या कापडाला हात लावायला आवडतं.

पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची. बोलता न येणारा माणूस डोकं भिंतीवर आपटू लागला की ‘वर्तन बिघडलं’ म्हणून गुंगीचं औषध वाढवलं जातं. प्रत्यक्षात किडलेली दाढ, कानातला संसर्ग किंवा साचलेली शौच निघते. आधी दात, कान, पोट आणि लघवीची तपासणी, मगच वर्तनाचं औषध, असं करारातही लिहून घ्या.

थेट कायमचं ठेवू नका. तीन रात्री, मग घरी. मग दोन आठवडे, मग घरी. परत आल्यावर वजन करा, पाठ, कंबर आणि टाचा उघडून बघा. दोन आठवड्यांत दोन किलो गेले असतील तर भरवण्यात काहीतरी चुकतंय. थोडे दिवस रडणं, झोप न येणं अपेक्षित आहे. बाहेरचा माणूस दिसताच अंग आखडणं मात्र गांभीर्याने घ्या.

करार

बऱ्याच ठिकाणी छापील ‘हमीपत्र’ पुढे करतात: ‘काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही, पालक कोणतीही तक्रार करणार नाहीत.’ अशा ओळीवर सही केली म्हणून निष्काळजीपणाचा किंवा मारहाणीचा गुन्हा माफ होत नाही, तरी ती ओळ खोडून मगच सही करा. तुमच्या बाजूने पुढच्या गोष्टी लिहून घ्या: महिन्याचं शुल्क आणि त्यात डायपर, औषधं, फिजिओथेरपी येतात की नाही, दरवर्षी वाढ किती टक्क्यांपर्यंत, अनामत परत कधी, कोणत्याही दिवशी भेटण्याचा हक्क, रुग्णालयात हलवल्यास किती तासांत फोन, काढून टाकायचं झाल्यास किमान तीन महिन्यांची लेखी सूचना, देणगीसाठीच्या फोटो आणि व्हिडिओत चेहरा वापरायचा की नाही.

शस्त्रक्रियेबद्दल वेगळी ओळ हवी. पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची सूचना आजही होते. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली आणि देशभर वाद झाला. 2016 च्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. पॅड बदलायला माणूस नाही, हे त्याचं कारण होऊ शकत नाही. ‘पॅड कोण बदलतं, दिवसातून किती वेळा’ हे प्रवेशाआधीच विचारा.

फ्लॅट किंवा जमीन संस्थेच्या नावावर करा, मग आजीवन सांभाळू, असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. बक्षीसपत्र एकदा नोंदलं गेलं की वाईट वागणुकीबद्दल तुमच्या हातात दबावाचं काही राहत नाही. मासिक शुल्क पुढे सांगितलेल्या खासगी न्यासातून जात राहिलं तर राहतं.

पैसा

समजा आज महिन्याला 25,000 रुपये लागतात, म्हणजे वर्षाला 3 लाख. शुल्क दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढलं तर साधारण दहा वर्षांत ते दुप्पट होतं. चाळिशीतल्या मुलासाठी तीस वर्षांचा विचार करायचा, तर नुसती मुदत ठेव पुरत नाही. म्हणून आधी आयुष्यभर येणारे पैसे पक्के करा.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकतं. अट अशी की त्याचं इतर उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावं आणि दिव्यांगत्वामुळे उपजीविका करता येत नसावी. निवृत्त व्यक्ती हयात असतानाच मुलाची नोंद करून आगाऊ मंजुरी घेता येते. ती घ्याच. वडील गेल्यावर आई, आई गेल्यावर मुलगा, अशी साखळी कागदावर असली की काम सोपं जातं. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही दिव्यांग अपत्यासाठी तरतूद आहे. भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत कायम आणि पूर्ण दिव्यांग अपत्याला आजीवन निवृत्तिवेतन आहे, पण अनेक खासगी कर्मचाऱ्यांना ते ठाऊकच नसतं.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. नूतनीकरणाची तारीख चुकली की वर्ष वाया जातं. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तहसील कार्यालयातून चालतं. संस्था दुसऱ्या तालुक्यात असेल तर पत्ता आणि हयातीचा दाखला याची सोय आधी लावा, नाहीतर ते गुपचूप बंद पडतं. आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 आणि 80 टक्क्यांवर 1,25,000 रुपयांची वजावट आहे, सल्लागाराला ‘80डीडी’ म्हटलं की पुरतं.

मालमत्तेसाठी मृत्युपत्र आणि 1882 च्या न्यास कायद्याखालचा खासगी न्यास अशी जोडी करावी. मृत्युपत्राने पैसा थेट मुलाच्या नावावर न ठेवता न्यासाकडे वळवा. विश्वस्त दोन किंवा तीन असावेत, आणि कायदेशीर पालक हा एकटा विश्वस्त नसावा.  न्यासपत्रात लिहा: शुल्क संस्थेच्या खात्यात थेट जाईल, विश्वस्तांपैकी एकाने दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष भेट दिली पाहिजे, आणि व्यक्तीच्या निधनानंतर उरलेला पैसा कोणाला. तो ज्या संस्थेत राहतो तिलाच उरलेला पैसा ठेवू नका. लवकर निधन होण्यात कोणाचाही फायदा नसावा.

सातबाऱ्याचा विषय गावाकडे हमखास येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 नुसार आजार किंवा व्यंग यामुळे वारसाहक्क जात नाही. समज नसलेल्या भावाचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र टिकत नाही. त्याचं नाव फेरफारात लावून घ्या आणि वाटप पालकत्वाच्या आदेशासोबतच करा.

ठेवल्यानंतर, आणि बिनसलं तर

महिन्यातून एकदा न सांगता जा. प्रत्येक भेटीत वजन विचारा, दात बघा, कपडे त्याचेच आहेत का ते बघा, आणि एक वही ठेवून तारखेसह लिहा. जखम दिसली तर लगेच फोटो, आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात तपासणी. दिवस गेले की नीळ उतरते आणि पुरावा जातो.

आधी संस्थेला लेखी पत्र द्या, पोच घ्या. उत्तर नसेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला आणि स्थानिक स्तर समितीला, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचार असेल तर पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. 112 लावा आणि पोलीस ठाण्यात जा. 2016 च्या कायद्याच्या कलम 92 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीवर हल्ला करणं, ताब्यात असताना जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं, अधिकाराचा वापर करून लैंगिक शोषण करणं याला सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवास आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यात दिव्यांग पीडितेची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्यासमोर घ्यावी लागते आणि तिचं चित्रीकरण करावं लागतं. पोलिसांना हे माहीत नसेल तर शांतपणे सांगा आणि सोबत विशेष शिक्षिका घेऊनच जा. अठराखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलेली गोष्ट पोलिसांना सांगणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

तातडीने सुटका हवी असेल तर 2016 च्या कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदाराकडे, माहिती देता येते. ही माहिती नातेवाईकच नव्हे, कोणीही देऊ शकतो. त्यावर दंडाधिकाऱ्याने व्यक्तीला सोडवण्याची आणि सुरक्षित ठेवण्याची पावलं उचलायची असतात. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 लावा. मानसिक आरोग्य आस्थापनेत साखळीने बांधणं पूर्णपणे बंद आहे आणि एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. तिथली तक्रार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाते.

हलवायचं ठरलं तर मूळ यूडीआयडी कार्ड, आधार, पालकत्वाचा आदेश आणि औषधांची वही हातात घेतल्याशिवाय दारातून निघू नका. थकबाकीवरून माणूस किंवा त्याचे कागद अडवून ठेवायचा हक्क संस्थेला नाही. अडवलं तर तिथूनच 112 लावा. किमान सात दिवसांच्या औषधांच्या गोळ्या त्याच पाकिटात घ्या. नव्या जागी पहिल्या रात्री त्याला ओळखणारं कोणीतरी सोबत थांबू देतील का, हे आधीच विचारून ठेवा.